लाभ, निहोन, सांबोन

६ नोव्हेंबर, गुरुवार

सातची एसटी चुकली. काळीपिवळीत सोयाबीनच्या पोत्यावर बसून परभणी गाठली, जपानीच्या क्लासला वीस मिनिटं उशीर. सरांनी नुसतं फळ्याकडे बोट दाखवलं. आज लांबट वस्तू मोजायचे आकडे. पेन्सिल, बाटली, छत्री, मुळा, सगळ्यांना हेच: इप्पोन, निहोन, सांबोन, योनहोन, गोहोन, रोप्पोन, नानाहोन, हाप्पोन, क्यूहोन, जुप्पोन.

शेपूट एकच, होन. पण एकला लागलं की प्पोन, तीनला लागलं की बोन, चारला पुन्हा आपलं साधं होन. सरांना नियम विचारला तर म्हणे, "नियम आहे, पण तोंडाला नियम कळत नसतो. पाठ करा."

पाठ तर परत स्टँडवर येईपर्यंत झालं. पाठ होण्याचं दुःख मला कधीच नव्हतं.

आज अड. ११. (अडले की वहीच्या शेवटच्या पानावर रेघ. जूनपासून मोजते.) त्यातले चार घरीच, हाक मारताना. माझ्या नशिबी जवळची सगळी माणसं स्वरावर सुरू होणारी. आई, वडील म्हणजे आबा, आणि मी स्वतः अश्विनी. व्यंजनावर मी बरी असते. अ, ए, इ आलं की घशात दार लागतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

फॉर्म भरला. जपानात भाजीपाल्याचं शेत, थंडीचा मुलूख, जागा तीन, आम्ही पाच जण. मुलाखत व्हिडिओवर, ९ डिसेंबरला. शेतमालक स्वतः समोर बसणार. माझी कृषी पदविका आहे, ट्रॅक्टर येतो, वय बसतं. सगळे रकाने भराभर भरले.

मग तो एक रकाना. बोलण्यात, ऐकण्यात, दिसण्यात काही अडचण? पेन धरून बसले. सर वाकून हळूच म्हणाले, "नाहीवर खूण कर. अडचण म्हणजे आजार. तुझी ती सवय आहे."

केली खूण. सव्वीस वर्षांची सवय.

१० नोव्हेंबर, सोमवार

पाथरीच्या बाजारात कृषी केंद्राचे मालक भेटले. "काय अश्विनी, जपानला चाललीस मनं? तिथं बोलावं लागत नाई का?" आणि वर हसले. मीही हसले. मला स्वतःचा राग येतो तो याच्यासाठी, की मी हसते.

दोन वर्षं यांच्या काउंटरवर होते. गिऱ्हाईक विचारायचं, अळीवर काय मारू? उत्तर मला येत असायचं, पण 'अळी'च्या अ वरच गाडी उभी. गिऱ्हाईकच शब्द पुरा करायचं, कधी चुकीचा. एक दिवस मालक म्हणाले, "तू मागं गोदामात बसत जा. तिथं बोलायचं काम नाई." त्या संध्याकाळी घरी आले ती परत गेले नाही.

जपानच का, असं सगळे विचारतात. मी म्हणते, पगार. खरं कारण इथेच लिहिते. तिथे परके सगळेच अडखळतात. मी अडले तर लोक म्हणतील, पोरगी नवी आहे, भाषा शिकते आहे. माझं सगळं भाषेच्या नावावर खपून जाईल. कुठेतरी मी नुसती परदेशी असेन, तोतरी नसेन.

हा शब्द या वहीत पहिल्यांदाच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज 'छोटा त्सु'. लिहायचं अक्षर, पण उच्चारायचं नाही. त्या जागी एक टाळीभर गप्प राहायचं. इप्पोन म्हणजे इ, टाळी, पोन. बाकीच्यांना तेच जमेना, सगळे घाईघाईने इपोन म्हणायचे. सर ओरडतायत, "थांबा! थांबायला शिका!"

अख्ख्या वर्गाला थांबायची शिकवणी, आणि मी मागच्या बाकावर. माझ्या एका त्सुमध्ये पाथरी ते मानवत प्रवास होतो.

माझी पाळी. इ. मग जे व्हायचं तेच. सर बोटं दाखवत म्हणाले, "अश्विनी, एक टाळी. तू चार घेतेस." वर्ग हसला. हिना हसली नाही. हिना परभणीचीच, माझ्या शेजारी बसते, तिलाही याच शेतावर जायचंय. जिना उतरताना म्हणाली, "कायकू रोरी गे?" मी म्हटलं, रडत नाहीये. रडत होते.

अड. १७.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज काहीतरी झालं. नीट लिहून ठेवते.

संध्याकाळी अंगणात पुटपुटत होते. आबा सुपात ज्वारी निवडत बसलेले. आबा चाळीस वर्षं मापारी. तरुणपणी खळ्यावर अधोलीच्या मापाने धान्य मापायचे, नंतर मोंढ्यात, धान्यबाजारात, काट्यावर. दोन वर्षांपासून घरी, आणि घरातली तीच ती ज्वारी निवडून निवडून त्यांनी गुळगुळीत करून टाकली आहे.

"काय मोजायलीस बाई?"

"मुळे."

"असं मोकळ्या हातानं? तोंडानं मोजत नसत्यात. हातानं मोजावं, तोंड हाताच्या मागं येतंय." उठले आणि माळ्यावरची अधोली काढून आणली. भरली, तळहात फिरवून सपाट केली, ओतली. भरली, हात फिरवला, ओतली. दर मापाला एक शब्द.

मला म्हणाले, तू कर. मी भरलं. रो, हात फिरवला, प्पोन. पुन्हा. हा, हात फिरवला, प्पोन. हात फिरायला जेवढा वेळ लागतो तेवढीच ती टाळी! कमी नाही, जास्त नाही. तीन फेऱ्या झाल्या आणि मी अडले नाही.

फक्त पहिलं माप आबांचं. त्यावर ते म्हणाले, "लाभ."

"आबा, तिथं इप्पोन म्हणायचं."

"मापावर एक मनत नसत्यात. पयलं माप लाभाचं."

"हे जपानी आहे हो."

"कोणत्याबी भाषेत एक तो एकच."

असो. लाभ, निहोन, सांबोन. दिवसभरात अड. ४. चार!

१८ नोव्हेंबर, मंगळवार

हिनाला अधोलीचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "और इप्पोन? वो कब बोलती तू?" मी म्हटलं, बोलेन की. "लाभ नक्को बोल देना वहाँ."

तिला कसं सांगू, शाळेतही हेच झालं होतं. पहिलीत बाईंनी उभं केलं, एक ते दहा म्हण. मी म्हटलं, लाभ, दोन, तीन. वर्ग खो खो हसला. बाई म्हणाल्या, मापाऱ्याची पोर शोभतेस. पण मी दहापर्यंत गेले होते, न थांबता. ते कोणाच्या लक्षातच आलं नाही.

वर्गातली मुलं जपानीला नावं ठेवतात, काय ही भाषा, एक आकडा धड राहत नाही. आपलं काय मोठं सरळ आहे? बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी. दोन बिचारा दर घरी नवं नाव लावून राहतो. लहानपणी पाठ केलं म्हणून आपल्याला ते दिसत नाही, एवढंच.

२२ नोव्हेंबर, शनिवार

रोज संध्याकाळी आबा आणि मी. मांजर, कुत्रं मोजायचं: इप्पिकी, निहिकी, सांबिकी. शेकडे: सहाशे रोप्प्याकू, आठशे हाप्प्याकू. जिथे जिथे ठोका बदलतो तिथे तिथे हात फिरतो. आबांना ऐकून ऐकून सगळं पाठ. काल मी रोप्पिकीच्या जागी रोकुहिकी म्हटलं तर माप हातात धरून बसले, ओतेनात. म्हणे, "माप चुकलं."

आईला हे आवडत नाही. भाकरी थापताना तिकडूनच म्हणाली, "परक्या मुलखात कोण ऐकून घेणार हाय तुझं? हितं निदान आमाला सवय हाय."

सवय. सरही तेच म्हणाले होते. माझी बोलायची सवय, त्यांची ऐकायची सवय. मला कोणाच्या सवयीत राहायचं नाहीये. हे तिला म्हणायला गेले तर 'आई'वरच अडले. ती तव्याकडे बघत राहिली. मी उठून गेले.

२७ नोव्हेंबर, गुरु.

सरांनी सराव मुलाखत घेतली. टेबलावर बाटल्या ठेवल्या, किती आहेत? मी आधीच सहा बघून घेतल्या, एकदम रोप्पोन म्हटलं, टेबलाखाली तळहात मांडीवर फिरवत. सर खूश. "सुधारलीस!"

सुधारले नाहीये. वाट वाकडी करून गेले. बारा दिवसांत मोजताना इप्पोन एकदाही म्हटलेलं नाही. रोज ठरवते, आज म्हणेन. मग आबांचं पहिलं माप, लाभ, आणि मी त्या शब्दाच्या आड जाऊन बसते. आबांना नियम मोडायचा नाही आणि मला मोडून घ्यायचा नाही. बरं जमलंय दोघांचं.

४ डिसेंबर (योक्का)

योक्का म्हणजे चार तारीख, योओका म्हणजे आठ. मुद्दाम शिक्षा म्हणून काढल्यासारखे शब्द.

थंडी फार. हातपाय बधिर. झोप नाही, भूक नाही. अड. १३. पुन्हा चढत चाललंय.

आज इप्पोन एकटीने म्हणून बघितलं, मागे गोठ्यात, म्हशीसमोर. सहा वेळा. एकदा जमलं. म्हशीने मान वळवून बघितलं तेव्हाच नेमकं नाही जमलं.

९ डिसेंबर, मंगळवार

सकाळी साडेनऊ, सरांची केबिन, लॅपटॉप. हिनाचं झालं होतं. काचेपलीकडून अंगठा दाखवत होती.

पडद्यावर लोकरीची टोपी घातलेला म्हातारा शेतमालक, शेजारी कागद घेतलेली एक बाई. ओळख करून दिली. अड. २, खपून गेले. ट्रॅक्टरबद्दल विचारलं, सांगितलं. मग म्हाताऱ्याने खालून नेगी उचलल्या. कांद्याच्या पातीसारख्या, पण हातभर लांब आणि अंगठ्याएवढ्या जाड. एकेक करून दाखवल्या. मोज म्हणाला.

टेबलाखाली हात फिरला आणि तोंड हाताच्या मागे गेलं. लाभ, निहोन, सांबोन, योनहोन, गोहोन. एकदम स्वच्छ. आयुष्यात पाच शब्द इतके स्वच्छ बोलले नसेन.

"राबु?" म्हातारा म्हणाला.

सरांनी कपाळाला हात लावला. मी म्हटलं, चिची नो काझोएकाता देस. वडिलांची मोजायची पद्धत. कसं सुचलं देव जाणे.

"होओ," म्हातारा म्हणाला. चार नेगी खाली ठेवल्या, एक वर धरली. "मो इचिदो. इचि कारा." पुन्हा एकदा, एकपासून.

इ.

दार लागलं. मांडीवर हात फिरवत राहिले, फिरवत राहिले, काही उपयोग नाही. सर खोकले. ती बाई कागदाकडे बघायला लागली, लोक बघतात तसं. म्हाताऱ्याने मात्र हात खाली घेतला नाही. मी त्या हाताकडेच बघत होते. अवघडला असणार, तरी वरच. शेवटी आलं. इप्पोन.

"हाइ," म्हणाला आणि नेगी खाली ठेवली. बस्स.

सर म्हणतात वीस सेकंद असतील. मला तर आठवडा वाटला.

१० डिसेंबर, बुधवार

आबांवर ओरडले. सकाळी अधोली घेऊन बसले होते, म्हणाले, "ये बाई." मी म्हटलं, तुमच्या त्या लाभानं वाट लागली माझी. जगात सगळे एक म्हणतात, तुम्हालाच काय एकाची भीती? 'आबा' म्हणताच आलं नाही, म्हणून हाक न मारताच ओरडले. ते अधोली उपडी ठेवून आत गेले.

दुपारी आई जवळ येऊन बसली. म्हणाली, "मापावर लाभ मनत्यात, ते खरं हाय. पर त्ये फकस्त मापावर. तू चार वर्साची व्हतीस, एक मनाया गेलीस की तोंड लाल व्हायाचं. मंग त्येंनी समदंच लाभापासून मोजाया सुरू केलं. पायऱ्या, भाकरी, शेरडं. लोक हसायचे. मला मनले, पोरीला एकटी कामून पाडायची?"

मला वाटायचं जगभर पायऱ्या अशाच मोजतात. काय करू मी आता. ओरडलेलं परत घेता येत नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

निकाल अर्धा. हिनाची निवड झाली, जिंतूरच्या एका मुलाची झाली. तिसरी जागा लटकलेली. तिकडून माझ्याबद्दल विचारलंय: हे भाषा नवीन म्हणून, की कायमचं? आणि सोमवारपर्यंत एक मिनिटाचं रेकॉर्डिंग मागितलंय. ओळख आणि एक ते दहा, लांबट वस्तूंचे.

सर म्हणाले, "मी कळवतो, घाबरली होती. तू फक्त रेकॉर्डिंग चोख दे. फॉर्मवर 'नाही' असं लिहिलंय आपण, लक्षात आहे ना?"

आपण.

हिनाला माझ्यासमोर आनंद करता येईना. मीच तिला मिठी मारली. "मैं काटके जोड देती ना," ती म्हणाली, "पचास बार बोल, अच्छा अच्छा मैं चुन लेती. मालूमच नई पडता."

१४ डिसेंबर, रविवार

हिनाकडे गेले. तिच्या खोलीत दार लावून दुपारभर बोलत राहिले. तिने मोबाइलवर कापलं, जोडलं. अठ्ठावन्न सेकंद.

घरी येईपर्यंत एसटीत कानाला लावून ऐकत होते. किती वेळा, मोजलं नाही. माझाच आवाज. एकही दार नाही. इप्पोन, निहोन, सांबोन, वाऱ्यासारखं. ही मुलगी काउंटरवर असती तर मालकांनी तिला गोदामात पाठवलं नसतं. मला तिचा इतका हेवा वाटला की डोळ्यात पाणी आलं.

हे पाठवलं तर जागा मिळेल. मग रोज सकाळी त्या म्हाताऱ्यासमोर मला ही मुलगी होऊन उभं राहावं लागेल. त्याने मागितलं तर वीस सेकंद कुठे लपवू? आणि नाही पाठवलं, खरं पाठवलं, तर बहुतेक इथेच. पुन्हा कुणाचं तरी गोदाम. दोन्हीची भीती वाटते.

आबा चार दिवसांत अधोलीजवळ गेलेले नाहीत.

१५ डिसेंबर, सोमवार

सकाळी अंगणात घोंगडी पांघरून आबा. समोर ज्वारीचा ढीग, गिरणीला न्यायची. अधोली सुलटी. "ये बाई, हात लाव."

बसले समोर. त्यांनी माप भरलं. हात फिरवला. आणि हात तसाच मापावर ठेवून थांबले. कपाळाला आठ्या. मला वाटलं आता लाभ म्हणतील.

"इप्पोन," आबा म्हणाले आणि ओतलं.

अधोली माझ्याकडे सरकवली. मी मोबाइल चालू केला, ओळख सांगितली, शेजारी ठेवला. भरलं, हात फिरवला, इ. अडलं. आबांनी शब्द पुरा केला नाही. दुसरीकडे बघितलंही नाही. "घाई न्हाई. ज्वारी काय पळून जायली का?" माप तसंच भरलेलं माझ्या हातात. मग आलं, इप्पोन. ओतलं. पुढे दहापर्यंत, मध्ये आणखी दोनदा अडले, तेही तसंच राहू दिलं. शेवटी म्हटलं, चिइसाइ तोकी कारा देस, हे लहानपणापासून आहे. काझु वा माचिगाएमासेन, आकडा चुकवत नाही.

एक मिनिट चाळीस सेकंद. त्यात ज्वारीचा आवाज आहे, कोंबडी आहे, आणि आबांचं घाई न्हाई पण आहे.

दहा वाजून दहा मिनिटांनी सरांना पाठवलं. लगेच त्यांचं आलं: "हेच पाठवू? दुसरं नाही का?" दुसरं मोबाइलमध्ये आहे. पुसलेलं नाही, खोटं कशाला लिहू. बराच वेळ बोट वर ठेवून बसले. मग लिहिलं, "हेच. आणि त्यांना सांगा, फॉर्मवर मी चुकीची खूण केली." निळ्या खुणा आल्या. आता चार वाजले. पुढे काहीच नाही.

एक राहिलं. सकाळी रेकॉर्डिंग संपवून मी उठले, चहा ठेवायला आत आले. बाहेर ज्वारी सळसळली. आबांनी मापलेला सगळा ढीग परत एकत्र केला होता. आईने विचारलं, आता आणखी काय? म्हणाले, "न्हाई, पयलं माप राहिलं ना."

खिडकीतून ऐकू येत होतं. माप भरलं, हात फिरला. अगदी हळू आवाजात, मला ऐकू जाऊ नये असं, "लाभ." मग दोन. मग तीन.